गाडीचे स्पार्क प्लग घरीच बदलताय? आधी बोटांचं ऐका

गेल्या पावसाळ्यात आमची गाडी अचानक अडखळायला लागली. सिल्क बोर्ड जंक्शनच्या सिग्नलला उभी असली की स्टिअरिंगला बारीक थरथर जाणवायची आणि चढावर अॅक्सिलरेटर दाबला की दोन झटके देऊन मगच पुढे सरकायची. मागच्या सीटवरून वडील म्हणाले, ‘‘मिसिंग मारतेय. प्लग बघ.’’

मी हसलो. वडील ७४ वर्षांचे. नाशिकला त्यांनी २२ वर्षं बजाज चेतक चालवली. त्यांच्या लेखी दुचाकी असो की विमान, प्रत्येक आजारावर पहिला उपाय एकच, प्लग बघ. पण घरी येऊन गाडीचं मॅन्युअल उघडलं, सेकंडहँड गाडीसोबत मिळालेली सर्व्हिसची जुनी बिलं चाळली आणि लक्षात आलं की गाडी ६२ हजार किलोमीटर चालली आहे आणि प्लग बदलल्याची नोंद एकाही बिलावर नाही.

मग ठरलं. रविवारी सकाळी, अपार्टमेंटच्या बेसमेंटमध्ये, आम्ही तिघं. मी, वडील आणि आठवीतली माझी मुलगी. त्या सकाळी काय केलं, काय चुकता चुकता राहिलं आणि तुम्हाला हे काम घरी करायचं असेल तर काय सांभाळायचं, त्याचीच ही गोष्ट.

नाशिकचं मायको सर्कल, बंगळुरूचं मायको लेआउट

आम्ही राहतो बीटीएम लेआउटला. हे नाव भैरसंद्र, तावरेकेरे आणि मडिवाळा या तीन गावांच्या आद्याक्षरांवरून पडलं. त्याला लागूनच मायको लेआउट. वडील पहिल्यांदा इथे आले तेव्हा पाटी वाचून थबकलेच. ‘‘अरे, मायको सर्कल तर आपल्या नाशिकात आहे!’’ ज्या चौकातून ते वर्षानुवर्षं चेतक वळवत होते, त्याच नावाची वस्ती त्यांना नऊशे-हजार किलोमीटरवर भेटली होती.

दोन्ही नावांचं मूळ एकच आहे. मायको म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी. जर्मनीच्या बॉश कंपनीच्या सहकार्याने ती १९५१ साली स्थापन झाली आणि तिचा कारखाना बंगळुरूच्या आडुगोडी भागात उभा राहिला. सुरुवातीच्या उत्पादनांमध्ये होते डिझेल इंजिनाचे पंप आणि आपले स्पार्क प्लग. पुढे कंपनीने नाशिकच्या सातपूरला कारखाना काढला. तिथे डिझेल इंजिनाचे नोझल आणि इंजेक्टर बनू लागले आणि शहरातल्या एका चौकाला मायको सर्कल हे नाव पडलं. कितीतरी मराठी घरांत ‘मायकोत नोकरीला’ हे शब्द अभिमानाने उच्चारले जात. २००८ साली कंपनीचं नाव बदलून बॉश लिमिटेड झालं, पण लोकांच्या तोंडी मायको तसंच राहिलं. आडुगोडीच्या त्याच जागेवर २०२२ साली बॉशच्या नव्या परिसराचं उद्घाटन झालं. त्याचं नावही ‘स्पार्क’नेच सुरू होतं, स्पार्क डॉट एनएक्सटी.

माझ्या मुलीला हे सांगितलं तेव्हा तिने मोबाइलवर बॉशचं बोधचिन्ह काढलं आणि विचारलं, ‘‘या गोलातली ही आकृती काय आहे?’’ ते आहे मॅग्नेटोचं आर्मेचर, म्हणजे ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या यंत्राचा गाभा. १९०२ साली बॉशचे अभियंते गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचं मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग यांची भरवशाची जोडी तयार केली. पुढे वेगाने फिरणारी पेट्रोल इंजिनं घरोघरी पोहोचली, त्यात या जोडीचा वाटा मोठा आहे. म्हणजे आमच्या घरापासून दोन-तीन किलोमीटरवर या छोट्या वस्तूचा भारतातला इतिहास घडला होता आणि आम्हाला आमच्याच गाडीतला प्लग कधी पाहावासा वाटला नव्हता.

हा एवढासा प्लग करतो काय?

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबलं जातं. त्याला योग्य क्षणी पेटवणारी ठिणगी देणं, एवढंच प्लगचं काम. बॅटरी असते १२ व्होल्टची. इग्निशन कॉइल तो दाब वाढवून हजारो व्होल्टवर नेते. मग प्लगच्या टोकाशी असलेल्या जेमतेम एक मिलिमीटरच्या फटीतून वीज उडी मारते. त्या फटीला म्हणतात गॅप.

साध्या चार स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना प्लग एकदा ठिणगी देतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर एक प्लग मिनिटाला १,५०० वेळा, म्हणजे सेकंदाला २५ वेळा पेटतो. प्रत्येक ठिणगीबरोबर टोकाच्या धातूचा अगदी सूक्ष्म अंश झिजतो. गॅप वाढत जातो. गॅप वाढला की उडी मारायला जास्त दाब लागतो, कॉइलवर ताण येतो आणि एखादी ठिणगी हुकते. ती हुकली की गाडी झटका देते. यालाच आपण ‘मिसिंग’ म्हणतो.

वेळ झाली, हे कसं ओळखायचं?

थंड इंजिन सुरू व्हायला वेळ लागणं, सिग्नलला उभं असताना थरथर, पिकअप कमी होणं, अॅव्हरेज घसरणं आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागणं, ही नेहमीची लक्षणं. हा दिवा मिचमिचत असेल तर मात्र रविवारची वाट पाहू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन ते महागडं यंत्र बिघडवू शकतं. वेग कमी करा, गाडी सुरक्षित जागी उभी करा आणि मेकॅनिकला दाखवा.

साधे निकेलचे प्लग साधारण ३० ते ४० हजार किलोमीटर चालतात. प्लॅटिनम आणि इरिडियमचे त्याहून बरेच जास्त, काही तर लाख किलोमीटरपर्यंत. पण तुमच्या गाडीचा खरा आकडा मॅन्युअलमध्येच मिळेल.

बंगळुरूत आणखी एक हिशोब करावा लागतो. टॉमटॉमच्या २०१९ सालच्या वाहतूक निर्देशांकात जगभरातल्या चारशेहून अधिक शहरांत हे शहर कोंडीसाठी पहिलं आलं होतं. इथे राहणाऱ्याला त्याचं काहीच आश्चर्य वाटलं नाही! आता बघा, सरासरी ताशी ४० किलोमीटरने ४० हजार किलोमीटर म्हणजे इंजिनाचे १,००० तास. तेच अंतर ताशी २० ने कापलं तर २,००० तास. मीटरवर आकडा तोच, पण प्लगची नोकरी दुप्पट. शिवाय प्लगचं टोक साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सियसच्या वर तापलं की त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. घर ते शाळा, शाळा ते भाजी, अशा छोट्या फेऱ्यांमध्ये टोक तेवढं तापतच नाही आणि काजळी साठत राहते. पुणे, मुंबई, ठाण्याच्या वाचकांनीही हा हिशोब स्वतःच्या गाडीला लावून पाहावा.

हे काम कोणी करू नये?

आधी हे सांगणं महत्त्वाचं. तुमची गाडी डिझेलची असेल तर तिला स्पार्क प्लग नसतातच. तिच्यातले ग्लो प्लग वेगळे आणि त्यांचं काम नाजूक. विजेच्या गाडीला हा प्रश्नच नाही. हायब्रिड गाडीत उच्च दाबाची वायरिंग असते आणि इंजिन आपणहून सुरू होऊ शकतं, त्यामुळे ती वर्कशॉपलाच न्या. सीएनजी गाडीला ठिणगीसाठी जास्त दाब लागतो, तिचे प्लग, गॅप आणि बदलण्याचा काळ वेगळा असू शकतो, म्हणून मॅन्युअल काटेकोर पाळा.

गाडी वॉरंटीत असेल तर नियम वाचा. आणि बॉनेट उघडल्यावर प्लगपर्यंत पोहोचायला इनटेक मॅनिफोल्ड काढावा लागतोय असं दिसलं, तर बॉनेट शांतपणे बंद करा. पहिल्यांदाच करणाऱ्यासाठी ती गाडी नाही.

साध्या चार सिलिंडरच्या छोट्या पेट्रोल गाडीत मात्र बहुतेक वेळा चारही कॉइल वरच ओळीने दिसतात. आमची तशीच होती. म्हणून धाडस केलं.

सामानाची यादी

मॅन्युअलमधला प्लगचा नंबर लिहून घेऊन मी जे. सी. रोडला गेलो. मोटारीच्या सुट्या भागांसाठी बंगळुरूकर इथेच येतात. दुकानदाराला ‘अमुक गाडीचा प्लग द्या’ असं सांगू नका, नंबर दाखवा. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांच्या इंजिनांना वेगळे प्लग लागू शकतात. आट्यांची लांबी चुकली तर प्लगचं टोक पिस्टनला धडकण्याचीही भीती असते. बिल घ्या, खोक्याची छपाई नीट पाहा. नकली मालाचा धोका आहे, त्यामुळे अधिकृत विक्रेता बरा.

बाकी लागलं ते एवढंच:

• प्लगच्या मापाची गोटी, आत रबर किंवा चुंबक असलेली. बऱ्याच नव्या गाड्यांना १६ मिलिमीटरची लागते, काहींना १४ ची, जुन्यांना २१ ची.
• रॅचेट आणि लांब एक्स्टेन्शन रॉड
• कॉइलच्या बोल्टसाठी १० नंबरची गोटी
• टॉर्क रेंच (विकत घ्यायचा नसेल तर ओळखीच्या मेकॅनिककडून एका दिवसासाठी मागून घ्या)
• गॅप मोजायला फिलर गेज
• टॉर्च, जाड हातमोजे, स्वच्छ फडकं
• सायकलचा पंप
• अंड्यांचा रिकामा ट्रे

शेवटच्या दोन वस्तू पाहून वॉचमनने काळजीने विचारलं, ‘‘सर, गाडी का काम है या नाश्ते का?’’ त्यांचा उपयोग पुढे कळेल. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर सोसायटीची परवानगी आधी विचारा. काही ठिकाणी बेसमेंटमध्ये दुरुस्ती चालत नाही.

कृती, एकेक पायरी

१. इंजिन पूर्ण थंड हवं. आम्ही आदल्या रात्री गाडी लावली ती सकाळपर्यंत हलवलीच नाही. कारण फक्त हात भाजण्याचं नाही. इंजिनाचं हेड अॅल्युमिनियमचं असतं. गरम हेडमधून प्लग काढताना आतले आटे खरवडले जाऊ शकतात.

२. हँडब्रेक ओढा, गाडी बंद, चावी खिशात. बटणाने सुरू होणारी गाडी असेल तर चावी लांब ठेवा. मॅन्युअल सांगत असेल त्याप्रमाणे बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

३. काहीही उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. कुठली वायर कुठून गेली आहे, हे तासाभराने आठवत नाही.

४. एका वेळी एकच सिलिंडर. पहिल्याचं काम पूर्ण झाल्यावरच दुसऱ्याला हात. वायरींची अदलाबदल होण्याची शक्यताच उरत नाही.

५. कॉइलच्या कनेक्टरचं कुलूप दाबून तो सोडवा. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने प्लॅस्टिक कडक झालेलं असतं, हिसका दिलात तर तुटेल. मग १० नंबरचा बोल्ट काढा. कॉइल थोडी डावी-उजवीकडे फिरवत सरळ वर ओढा. जुन्या गाडीत वायरी असतील तर वायरीला नाही, तिच्या रबरी टोपीला धरा.

६. आता सायकलचा पंप! प्लग एका खोल विहिरीत बसलेला असतो आणि त्या विहिरीत बंगळुरूची तांबडी धूळ. डोळे बाजूला करून चार-पाच वेळा हवा मारा. प्लग निघाल्यावर ही धूळ थेट सिलिंडरमध्ये पडते, म्हणून प्लग जागेवर असतानाच साफ करायचं.

७. गोटी सरळ बसवा आणि डावीकडे फिरवा. सुरुवातीला ‘कट्’ असा आवाज येऊन प्लग सुटतो. अजिबात हलत नसेल तर ताकद वाढवू नका. गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन थेंब टाका, थांबा, किंचित पुढे-मागे करत काढा. तरीही नाही निघाला तर मेकॅनिक.

८. निघालेला प्लग अंड्यांच्या ट्रेमध्ये. मुलीने स्केचपेनने खणांवर १, २, ३, ४ असे आकडे टाकले होते. कुठला प्लग कुठल्या सिलिंडरचा, हे पुढे फार उपयोगी पडतं.

९. नवा प्लग तपासा. पांढऱ्या चिनी मातीच्या भागाला बारीकशीही चीर नको. हातातून फरशीवर पडलेला प्लग वापरू नका. निकेलच्या प्लगचा गॅप फिलर गेजने मोजा आणि मॅन्युअलशी जुळवा. इरिडियम आणि प्लॅटिनमचे प्लग बहुधा गॅप लावूनच येतात. त्यांचं टोक इतकं बारीक असतं की गेज घुसवून वाकवायला गेलात तर तुटेल.

चेतकची विद्या किती चालते?

पहिला जुना प्लग बाहेर आला तसे वडील खुर्चीवरून उठले. ‘‘आण, पॉलिश पेपरने घासून देतो. अजून दहा हजार चालेल.’’

त्यांचं म्हणणं त्यांच्या काळात खरंच होतं. चेतकच्या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्येच ऑइल घालायचं. ते जळून प्लगवर काजळीचा थर बसायचा. म्हणून स्कूटरवाला डिकीत एक जादा प्लग आणि प्लग पाना ठेवायचाच. रस्त्याच्या कडेला स्कूटर वाकडी करायची, प्लग काढायचा, घासायचा, गॅप हॅक्सॉ ब्लेडच्या पात्याने जमवायचा आणि किक मारायची. नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर मी हे लहानपणी मागच्या सीटवरून उतरून कितीदा पाहिलं आहे.

पण आताच्या प्लगवर पॉलिश पेपर चालत नाही. टोकावरचा मौल्यवान धातूचा बारीक थर निघून जातो आणि झिजून गोल झालेल्या टोकाला धार काही परत येत नाही.

मग त्यांनी दुसरा सल्ला दिला, ‘‘प्लग बॉडीला टेकव, चावी फिरव, ठिणगी निळी पडते का बघू.’’ मुलीने लगेच विचारलं, ‘‘आजोबा, दिसते?’’ इथे मला ठाम नाही म्हणावं लागलं. हजारो व्होल्टचा झटका जीवघेणा ठरू शकतो, जवळपास पेट्रोलची वाफ असते आणि गाडीचा कॉम्प्युटरही बिघडू शकतो. तुमच्याही घरी कोणी हा जुना प्रयोग सुचवला तर प्रेमाने टाळा.

वडील थोडे खट्टू झाले. खुर्चीत बसून राहिले. मी कामाला लागलो.

चौथा प्लग

तीन प्लग सुरळीत बसले. चौथ्यापर्यंत मला आत्मविश्वास आला होता आणि पाठ भरून आली होती. हा सिलिंडर कोपऱ्यात, एका पाइपच्या आड. मी रॉडला रॅचेट लावूनच प्लग आत सोडला आणि फिरवायला लागलो. अर्धा फेरा गेला आणि घट्ट लागला. वाटलं, कोपऱ्यातला आहे, जरा जोर लावू.

‘‘थांब.’’

वडिलांना तिथून काहीही दिसत नव्हतं. त्यांनी फक्त रॅचेटचा आवाज ऐकला होता. ‘‘तीन प्लगना कितीतरी फेरे लागले. ह्याला अर्ध्यात कसा घट्ट लागेल? आटे तिरके पडतायत. उलटा फिरव.’’

पोटात गोळा आला. प्लग बाहेर काढला. नशिबाने आटे शाबूत होते. अजून पाव फेरा जोर लावला असता तर अॅल्युमिनियमचे मऊ आटे पोलादी प्लगने कापून टाकले असते. मग हेडमध्ये नवे आटे पाडून हेलिकॉइल बसवणं, किंवा वाईटात वाईट म्हणजे हेडच खाली उतरवणं. गॅरेजची मजुरी वाचवायला निघालेला माणूस कित्येक पट खर्चात पडला असता.

‘‘पाना बाजूला ठेव,’’ वडील म्हणाले आणि स्वतः पुढे आले. त्यांचा हात हल्ली थरथरतो. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरतात. पण त्यांनी रॉड फक्त तीन बोटांत धरला, प्लग आत सोडला आणि आधी डावीकडे, म्हणजे उलटा फिरवला. एका जागी प्लग बारीकसा खाली बसल्यासारखा झाला. ‘‘हे बघ, इथे आटा आट्याला भेटला.’’ मग तिथूनच उजवीकडे. एक फेरा, दोन, तीन. लोण्यात फिरावा तसा प्लग पार तळाशी जाऊन बसला. ‘‘बोटाने बसतो तो प्लग. पान्याने बसतो तो खर्च.’’

या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य कुठल्याही पुस्तिकेत मला एवढ्या थोडक्यात सापडलं नव्हतं. म्हणून दहावी पायरी त्यांच्या नावावर:

१०. प्लग आधी फक्त बोटांनी, रॅचेट न लावता, तळाशी टेकेपर्यंत फिरवा. बोटांना अडला तर काढा आणि पुन्हा बसवा. बोट पोहोचत नसेल तर प्लगच्या मागे रबरी नळीचा तुकडा अडकवून फिरवा. आटे तिरके पडले तर नळी आपोआप निसटते, जोर लागतच नाही.

११. त्यानंतरच टॉर्क रेंच. किती घट्ट करायचं, तो आकडा मॅन्युअलमधून घ्या. वॉशर असलेल्या १४ मिलिमीटर आट्यांच्या प्लगला साधारण २० ते ३० न्यूटन मीटर लागतात. रेंच नसेल तर असा नवा प्लग बोटांनी टेकल्यावर पान्याने साधारण अर्धा फेरा, फार तर दोन तृतीयांश. वॉशर नसलेल्या निमुळत्या बुडाच्या प्लगला मात्र टेकल्यावर फेऱ्याचा सोळावा भाग पुरतो. आट्यांना ग्रीस लावण्याचा मोह नको. बहुतेक नव्या प्लगवर आधीच संरक्षक मुलामा असतो आणि ग्रीस लावलं की नकळत प्लग जास्त आवळला जातो.

१२. कॉइल सरळ खाली दाबा, बोल्ट लावा, कनेक्टर ‘टक्’ वाजेपर्यंत बसवा. शेवटी हत्यारं मोजा. दहा नंबरची गोटी हटकून इंजिनावरच राहते.

जुने प्लग वाचायला शिका

चारही जुने प्लग ट्रेमध्ये होते. फेकायची घाई करू नका. इंजिनाच्या आत डोकावण्याची ही सगळ्यात स्वस्त खिडकी आहे.

• टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी: इंजिन ठणठणीत.
• कोरडी काळी काजळी: पेट्रोलचं प्रमाण जास्त, एअर फिल्टर तुंबलेला, किंवा सतत छोट्या फेऱ्या.
• ओलसर, तेलकट काळं: सिलिंडरमध्ये ऑइल शिरतंय. पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील दाखवून घ्या.
• पांढरंफटक, फोड आलेलं: प्लग जास्त तापतोय. चुकीचा प्लग, कमी पेट्रोल किंवा कूलिंगचा दोष असू शकतो.
• टोक गोलाकार झिजलेलं, गॅप वाढलेला: वयोमान.

आमचे चारही शेवटच्या प्रकारातले निघाले. मुलीने फिलर गेजची पाती घालून गॅप मोजला आणि मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा प्रत्येक फट मोठी भरली. त्यातच तिने एक गोष्ट टिपली जी माझ्या नजरेतून सुटली होती. ‘‘बाबा, दोन नंबरचा बाहेरून तेलकट आहे, बाकीचे कोरडे आहेत.’’ म्हणजे त्या विहिरीच्या वरच्या सीलमधून ऑइल झिरपत होतं. ते काम माझ्या आवाक्यातलं नव्हतं. पण पुढच्या आठवड्यात गॅरेजमध्ये ‘गाडीत काहीतरी आवाज येतो’ असं मोघम न सांगता, ‘दोन नंबरच्या प्लग ट्यूबचं सील बघा’ असं सांगता आलं. काम तेवढंच झालं, बिलही तेवढंच आलं.

मुलांना सोबत घ्याच, पण इंजिन बंद आणि थंड असतानाच. आकडे टाकणं, फोटो काढणं, टॉर्च धरणं, मोजमाप लिहिणं ही कामं त्यांची. गाडी सुरू करताना मुलांना आणि ओढणी, सैल बाह्या यांना बॉनेटपासून लांब ठेवा.

शेवटची परीक्षा

बॅटरीची वायर लावली. चावी फिरवायला मी वडिलांना बसवलं. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. आम्ही तिघंही एक मिनिट नुसते ऐकत राहिलो. थरथर नव्हती. समजा तुमच्या गाडीत ती राहिली, तर घाबरू नका. गाडी बंद करून कनेक्टर पुन्हा तपासा, बहुधा एखादा नीट बसलेला नसतो. तरी राहिली तर कॉइल किंवा इंजेक्टर, आणि ते मेकॅनिकचं काम.

सकाळी सात वाजता सुरू केलेलं काम साडेनऊला संपलं. सरावलेला मेकॅनिक ते अर्ध्या तासात करतो. पैशांचा हिशोब केला तर मजुरीचे काही शे रुपये वाचले आणि त्याहून जास्त हत्यारांवर गेले. पुढच्या वेळी ती हत्यारं घरात असतील, एवढाच फायदा.

पण त्या दिवसापासून एक बदल झालाय. वडील इथे आल्यापासून फारसे खाली उतरत नसत. भाषा वेगळी, ओळखीचं कोणी नाही. आता बेसमेंटमध्ये कोणाची गाडी कुरकुरली की वॉचमन वर फोन करतो, ‘‘दादाजी को भेजिए.’’ वडील हात पुसायचं फडकं घेऊन निघतात. स्वतः काही उघडत नाहीत. शेजारी उभे राहून ऐकतात आणि समोरच्याने पाना उचलला की म्हणतात, ‘‘पहले उंगली से.’’

जुना चार नंबरचा प्लग मुलीने घासूनपुसून अभ्यासाच्या टेबलावर ठेवला आहे. पॉलिश पेपरने, आजोबांकडून.